खुळावरचं औषध

काल तुमची तेरवी झाली. पंगती उठल्या, पत्रावळी गोळा झाल्या, आणि मग नेहमी होतं तेच झालं. हातात पान-सुपारी आली की माणसं रडायचं विसरतात आणि गेलेल्याच्या गोष्टी काढतात. किसनभाऊजींनी तुमची म्हशीची गोष्ट काढली.

"काय सांगू तुमाले! सात वर्सं या माणसानं मडक्यात सरकी जपली. लेकरू जपावं तशी. अन् एक दिवस सोताच उचलली अन् सोताच म्हशीले घातली! तिकडं अकोल्याले साहेब वाट पाहून राह्यला, अन् इकडं म्हैस रवंथ करून राह्यली!"

सगळी ओसरी हसली. तुमची माय भिंतीला टेकून बसली होती, तीही हसली. मी आत भांडी आवरत होते. हसता हसता भाऊजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "माणूस सोनं होता. पण खूय होतं गड्याले."

आज सकाळी वेणी घालून घेताना आपल्या शांतीनं मला विचारलं, "आई, बाबाले खूय होतं मंजे काय होतं? ताप होता का?" सहा वर्षांच्या पोरीला वाटलं, तुम्ही त्यानंच गेलात. मी सातवी पास झालेली, वर ट्रेनिंग केलेली मास्तरीण. चौथीच्या पोरींना कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देणारी. मी तिची रिबीन जास्तच आवळली आणि ती ओरडली.

शाळेला अजून तीन दिवस रजा आहे. शांती शेजारी खेळायला गेली आहे. म्हणून ही वही घेऊन बसले. जे तिला सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगते. तुमच्याशी बोलताना एक बरं, तुम्ही मधेच उठून वावरात जाणार नाही.

पुस्तकात 'खूळ' लिहितात. आपल्याकडे तोंडात ळ टिकत नाही, त्याचा य होतो, म्हणून खूय. दिवसातून दहादा आपण हा शब्द बोलतो आणि कुणी त्याचा अर्थ विचारत नाही. पोरगं उन्हात पतंग उडवायला निघालं की खूय. सुनेनं घरात आरसा मागितला की खूय. बांधाच्या हातभर जागेसाठी बारा वर्षं कोर्टात चकरा मारणाऱ्या माणसाला आपण हुशार म्हणतो, त्याला मात्र खूय म्हणत नाही, हे मला कधी समजलं नाही. येडा वेगळा, त्याला लोक दाव्यानं बांधून ठेवतात. भैताड वेगळा, तो कशातच धड नसतो. पण खूय ज्याला असतं तो माणूस एरवी शहाणा असतो. व्यवहार कळतो, गाईला वेळेवर पाणी पाजतो, पाहुण्याला पाट देतो. फक्त एका जागी त्याला हात लावायची सोय नसते. तिथे तो आपला राहत नाही. असल्या माणसाला बांधत नाहीत, त्याचं लग्न लावून देतात.

तुमचंही तसंच लावलं. माझे वडील अकोल्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. चौकशीला आलेल्या तुमच्या मामांनी सगळं खरं सांगितलं होतं, हे मला फार नंतर कळलं. "पोराले कशाचं व्यसन नाई. इडी नाई, तंबाखू नाई. फक्त कपाशीच्या पऱ्हाटीचं खूय हाय. लगन झालं की निघते ते." माझ्या वडिलांनी आयुष्यभर बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या, अमुक दुखण्याला अमुक. त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. मी तुमच्या घरी आले ती तुमच्या खुळावरचं औषध म्हणून आले. दर्यापूरजवळच्या या गावात, काळ्या मातीत, सोळाव्या वर्षी.

पहिल्या दिवाळीत तुम्ही मला वावर दाखवायला नेलं. वेचणी चालू होती, बाया ओटीत कापूस भरत होत्या. तुम्ही एका झाडापाशी थांबलात आणि म्हणालात, "हे पाह्य." मी पाहिलं. कापसाचं झाड होतं, दुसऱ्यासारखंच. तुम्ही एक बोंड तोडलंत, कापसाची चिमूट घेतलीत आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ओढून ओढून धागे सरळ केलेत. मग म्हणालात, "मागं फिर. पदर काढ डोक्यावरचा." मी घाबरले, वावरात बाया होत्या. तुम्ही माझ्या केसांवर ते धागे मांडलेत. "हालू नको व. कायावर पांढरं दिसते चांगलं." बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि तुम्ही माझ्या डोक्यावर धाग्याची लांबी बघत होता. "गावरानीचा धागा एवढा नसते," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज देवळात बोलतात तसा झाला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं मी तुमच्यासाठी अशी पाठ करून बसले. चुलीपुढे, अंगणात, एकदा तर माझ्या माहेरच्या लग्नात. मला राग यायचा आणि मी बसायचीही. तुमचा हात एवढा हलका दुसऱ्या कशासाठी पडायचा नाही.

तुम्हाला चिंध्या लागायच्या. ज्या झाडाचा धागा लांब, त्याला लाल चिंधी, म्हणजे बायांनी ते वेचायचं नाही. वेचणार फक्त तुम्ही. त्या वर्षी तुम्ही माझ्या लग्नातल्या लुगड्याचा काठ फाडलात. न विचारता. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही अगदी खरं तोंड करून म्हणालात, "तो रंग दुरून दिसते व." आता या माणसाशी भांडायचं कसं?

त्या झाडांचा कापूस सरकी काढणाऱ्या जिनात जायचा नाही. जिनात दुसऱ्याची सरकी मिसळते. म्हणून आपण हातानं सरकी काढायचो, नखं दुखेपर्यंत. निघालेल्या रुईच्या तुमची माय वाती करायची. गावातल्या देवांपुढे सगळ्यात लांब धाग्याच्या वाती आपल्या घरच्या जळत होत्या. सरकी राखेत घोळून मडक्यात जायची, मडक्याच्या तोंडावर फडकं, फडक्यावर शेणाचा लेप, लेपावर तुमच्या अंगठ्याचा ठसा. पुढच्या मृगात ती वेगळ्या तासांत, म्हणजे ओळींत, पेरायची, चारी बाजूंनी तुरीची भिंत करून. आधी एक तास, मग तीन, मग सात.

आणि ती फुलं! उद्या उमलणार असलेली कळी तुम्ही आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधायचात, म्हणजे माशीनं शेजारचे पराग आणून ती बिघडवू नये. शेकडो कळ्या. कंबर मोडेपर्यंत वाकून. पारावर तर बोलायला विषयच मिळाला. "फुलाले बांधते म्हणे! अरे, फुलाले कायले बांधता, याले बांधा!" तुमची माय चूल फुंकताना कपाळावर हात मारायची, "पोराचं खूय काई निघत नाई व बाई." आणि माझ्याकडे बघायची. औषध लागू पडत नव्हतं ना.

खरं सांगू, पहिली दोन-तीन वर्षं मलाही लाज वाटायची. मग सवय झाली. आणि मग, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, मला हेवा वाटायला लागला. तुमचा नव्हे, त्या झाडांचाही नव्हे. एका गोष्टीसाठी असं सगळं विसरता येतं, त्याचा. मलाही एक गोष्ट हवी होती. मला शिकवायचं होतं. सातवीत मी शाळेत पहिली आले होते आणि नंतर नऊ वर्षं मी पुस्तकाचं पान उघडलं नव्हतं, किराणा बांधून आलेला कागद सोडून.

तुम्हीच तर ते ओळखलंत. मी किराण्याचे कागद उलगडून वाचते हे घरात फक्त तुम्हाला दिसलं होतं. अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फारम तुम्हीच आणलात. माय म्हणाली, "आता बायकोलेबी लावा खूय." तुम्ही हसलात फक्त. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा तुम्ही ते साऱ्या आळीत वाचून दाखवलंत. मंगळवारी दुपारी बारा वाजता, अमरावतीला. लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याला सोबत आणावं, संमतीची सही समोर करावी लागेल.

महाराष्ट्र झाला त्या सालचा उन्हाळा होता तो. मृग आठ दिवसांवर आला होता.

सोमवारी तुम्हाला निरोप आला की शेतकी खात्याचे कापसातले जाणकार साहेब दर्यापूरच्या डाकबंगल्यावर उतरले आहेत, मंगळवारी सकाळी निघतील. तुम्ही मला म्हणालात, "मी पहाटे जातो, धागा दाखोतो, अन् तिथूनच दहाच्या मोटारीत बसतो. मोटार इथूनच जाते. तू नाक्यावर उभी राह्य." मी हो म्हणाले. मला खरंच त्यात काही चूक वाटली नाही.

मी नाक्यावर उभी राहिले. जांभळं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत सातवीचा दाखला. बाया पाणी घेऊन जाताना विचारत होत्या, "कुठं व?" मी सांगत होते, "अमरावतीले. परीक्षेले." मोटार आली. मी पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत बघितलं. मग परत बघितलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढता का?" मी म्हटलं, "थांबा जरा, आमचे इकडचे हायेत आत." तो भला माणूस आत जाऊन बघून आला. "कोणी नाई व बाई." मोटार गेली. तुमच्या सहीशिवाय मी एकटी जाऊन काय करणार होते? मी एक वाजेपर्यंत तिथेच उभी होते. मुलाखत बाराला होती हे मला माहीत होतं, तरी.

तुम्ही दिवेलागणीला आलात. दारातूनच बोलत आलात. तुमचं ते तोंड मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"साहेबानं मले जीपमधी बसोलं व! अकोल्याच्या शेतकी फारमवर नेलं! मशीनवर धागा मोजला, तीनदा मोजला. म्हणे, शामराव, हा धागा गावरानीचा वाटतच नाई. म्हणे, सगयी सरकी आणा सोमवारी, फारमवर पेरू. सगयी! माय, आयकून राह्यली का?"

तुम्ही जेवायला बसलात. तीन भाकरी खाल्ल्यात, बोलत बोलत. मी वाढत होते. मग तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं. तुम्ही माझ्या जांभळ्या लुगड्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "कोणाकडं गेलती का आज?"

मी म्हटलं, "नाई."

तुम्हाला त्या क्षणी खरंच आठवलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळलं होतं. तुम्ही लबाड असता तर मी आरडाओरडा केला असता, माहेरी गेले असते, आणि ते मडकं तसंच राहिलं असतं. पण तुम्ही लबाड नव्हता. तुमच्या डोक्यात माझ्यासाठी जागाच उरली नव्हती त्या दिवशी, एवढंच.

आता ते सांगते, जे नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वावरात गेलात, माय नदीवर गेली. म्हैस नुकतीच व्यायली होती, तिला रोज सरकी शिजवून घालायची असायची. ढोरांच्या सरकीचं पोतं गोठ्यात, भरलेलं. मी त्याला हात लावला नाही. मी आतल्या खोलीत गेले, तुमचं मडकं उतरवलं, तुमच्या अंगठ्याच्या ठशावर मुसळ मारून लेप फोडला आणि सगळी सरकी गंजात, मोठ्या पातेल्यात, ओतली. वर पाणी ओतलं. चुलीवर ठेवलं. उकळी यायला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. तेवढ्या वेळात मला गंज खाली उतरवता आला असता. सरकी नुसती ओली झाली होती, वाळवली असती तर कदाचित उगवली असती. मी बसून फुंकणीनं जाळ वाढवत होते. मला रडू येत नव्हतं. उकळी आली. मी ती चांगली शिजू दिली. मग निवली की म्हशीपुढे ठेवली.

तुम्ही आलात, मडकं पाहिलंत. मी म्हटलं, "मले वाटलं ढोराचीच सरकी हाय."

चूक अशी होऊ शकते. आपल्या भागातल्या कुठल्याही बाईच्या हातून होऊ शकते. सरकी सारखीच दिसते आणि म्हशीला रोजच घालतात. म्हणून तर मला ते सुचलं. पण मडक्याच्या तोंडावर शेण होतं, फडकं होतं, ठसा होता. तुम्ही फुटलेल्या लेपाचे तुकडे हातात घेतलेत. त्यांच्याकडे बघितलंत. माझ्याकडे बघितलंत. मी जागची हलले नाही. "हं," म्हणालात तुम्ही. तेवढ्यात माय धुणं घेऊन आली, "काय झालं? काय झालं रे?" आणि तुम्ही म्हणालात, "काई नाई, माय. मीनंच टाकली चुकून."

मग तुम्ही गोठ्यात गेलात. म्हशीच्या टोपल्यात थोडी उरली होती. तुम्ही ती बोटांनी चाचपून बघत होता, एखादी कच्ची राहिली आहे का म्हणून. मी खिडकीतून पाहिलं. नंतर मला पाहवेना.

सोमवारी तुम्ही अकोल्याला गेलात, मोकळ्या हातानं. साहेबांना काय सांगितलंत मला माहीत नाही. गावाला मात्र ती गोष्ट मिळाली, आणि ती काल तुमच्या तेरवीपर्यंत पुरली. तुम्ही एकदाही कुणाचं तोंड धरलं नाही. लोक हसले की तुम्हीही मान हलवायचात, हो बुवा, झालं खरं असं.

आणि तुमचं खूळ निघालं. लोकांनी म्हटलं होतं तसंच. त्या हंगामात तुम्ही सगळ्यांसारखा कापूस पेरलात, सगळ्यांसारखा वेचलात. चिंधी नाही, दोरा नाही. संध्याकाळी पारावर जाऊन बसायला लागलात, पत्ते शिकलात. माय खूश. मला म्हणाली, "निघालं बाई एकदाचं." थंडीत चुलीत पऱ्हाट्या सारताना एका पऱ्हाटीला माझ्या लुगड्याची लाल चिंधी सापडली, रंग गेलेली. मागच्या हंगामातली, गंजीत राहून गेलेली. मी ती सोडवून घेतली. कुठे ठेवली ते आता आठवत नाही.

मी तुम्हाला म्हटलं होतं, आठवतं? दुसऱ्या वर्षी, मृगाच्या आधी. "पुन्हा लावा ना ते झाडं. मी काढीन सरकी." तुम्ही म्हणालात, "सात वर्सं झाले व ते. आता कोण वाकते." तुम्ही तेव्हा बत्तीस-तेहेतीस वर्षांचे होता. मी पाठ करून बसले होते मुद्दाम, केस धुऊन. तुम्ही उठून बाहेर गेलात.

त्याच वर्षी तुम्ही मला अमरावतीला नेलंत. पत्र आल्यावर तीनदा तारीख विचारलीत. आदल्या दिवसापासून घर सोडलं नाहीत. सही केलीत आणि बाहेर लिंबाखाली दिवसभर बसून राहिलात, पाणीसुद्धा प्यायला गेला नाहीत, मी बाहेर आले आणि तुम्ही दिसला नाहीत असं होऊ नये म्हणून. वर्षभर मी तिकडे होते. माय बोलायची ते तुम्ही ऐकून घेतलंत, भाकरी थापायला शिकलात, जाड आणि करपलेल्या. मी मास्तरीण झाले. सुटीच्या दिवशीही मी आळीतल्या पोरी गोळा करून अंगणात पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायला लागले तेव्हा माय म्हणाली, "गेलं म्हणत होती मी खूय, ते इच्या अंगात शिरलं वाटते." तुम्ही हसलात. दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसलात. मला तिथेच, सगळ्या पोरींसमोर, तुमच्या पाया पडून सांगावंसं वाटलं. पोरी 'ग' काढत होत्या. राहून गेलं.

असं कितीदा राहून गेलं त्याला मोजदाद नाही. शांती झाली तेव्हा सांगणार होते. तुमचा हात कडबा कापायच्या यंत्रात सापडून दोन महिने पट्टी होती, मी घास भरवायची, तेव्हा सांगणार होते. मला शिक्षेची भीती नव्हती हो. तुम्ही काय केलं असतं, फार तर बोलला नसता. मला भीती होती की तुम्हाला खरोखरच चूक वाटत असेल, आणि मी सांगितल्यावर तुम्हाला दुसऱ्यांदा ते मडकं रिकामं दिसेल. आणि कधी कधी उलट वाटायचं, तुम्हाला सगळं माहीत आहे. त्या फुटलेल्या लेपाकडे बघून माहीत नसणं शक्यच नाही. मग तुम्ही नऊ वर्षं या बाईच्या हातचं कसं जेवलात?

परवाच्या माघात तुमच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आपण अकोल्याला डॉक्टरांकडे गेलो होतो. परत येताना मोटारीत तुम्ही खिडकीशी होता. दोन्हीकडे कापूस निघून गेलेली वावरं. मध्येच तुम्ही, माझ्याकडे न बघता, म्हणालात, "त्या दिवशी मी यायले पाह्यजे होतं."

एवढंच. कुठल्या दिवशी ते तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्ही थांबला होता. मला आता कळतं, तुम्ही माझ्या बोलण्याची वाट बघत होता. मी काय बोलले? "चष्मा खिशात ठेवा नीट, पडंल." तुम्ही चष्मा खिशात ठेवलात. पुढे मोर्शीकडचा संत्रेवाला चढला, त्याच्या टोपल्या आपल्या पायांशी आल्या, आणि शांतीसाठी चार संत्री घ्यायची की सहा, यावर आपण बोललो. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात.

इथपर्यंत लिहून मी उठले. जीव राहवेना. माय अंगणात सुपात ज्वारी निवडत बसली होती. या पंधरा दिवसांत ती अर्धी झाली आहे. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "माय, ती सरकी मी घातली होती म्हशीले. चुकून नाई. जाणून."

तिनं मान वर केली नाही. खडा काढून टाकला. "ठावूक हाय मले," ती म्हणाली.

"कोणं सांगतलं?"

"त्यानंच. त्याच दिवशी. गोठ्यात बसून रडत होता, म्हणून इचारलं मीनं."

मी म्हटलं, "मंग काल हासल्या कावून तुमी?"

"लोक हासले त तू बी हास, असं म्हणला होता तो. नाई त लोक तुयाकडं पायतीन."

"अन् मले नऊ वर्सं काई बोलल्या नाई?"

"बोलणार होती. झिंज्या धरणार होती तुया, तशीच उठली होती. त्यानं हात धरला माया." मायनं सूप खाली ठेवलं. "म्हणे, माय, तिले काई म्हणू नको. तिची सरकी मीनं काल म्हशीले घातली."

मग ती रडली, आणि मीही. दोघींमध्ये ज्वारी सांडली होती.

तर तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तुम्ही मला त्याच सकाळी माफ करून टाकलंत आणि मग सांगितलं मात्र नाही. मीही तुम्हाला माफ केलं होतं हो. अमरावतीला, त्या लिंबाखाली तुम्हाला तहानलेलं बसलेलं बघितलं तेव्हाच. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही मोटारीत विचारलंत, आणि मी चष्म्याचं बोलले.